फजरआधीची रांग

रमजानमध्ये रायगडच्या किनाऱ्यावरची गावे पहाटे साडेचारलाच जागी होतात. मुरूड, दिघी, बोर्ली, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात घराघरांत सहरीची तयारी सुरू होते, मशिदीतून वेळ संपत आल्याची आठवण दिली जाते, फजरची नमाज होते आणि उजाडता उजाडता माणसे कामाच्या वाटेला लागतात. कोणी आगरदांड्याहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरतो, कोणी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी पार करून वेश्वी गाठतो. बागमांडला रायगड जिल्ह्यात, वेश्वी रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे ही माणसे रोज एक हद्द ओलांडतात. पण त्यासाठी तिकिटापलीकडे काही लागत नाही. बोटीवर चढताना कोणी बोटांचे ठसे घेत नाही, वय विचारत नाही, लग्न झाले आहे का असे विचारत नाही. रोजी कमवायला जाणे आणि मगरिबच्या आत घरी परतणे ही इथे इतकी साधी गोष्ट आहे की तिच्याबद्दल कोणी अल्लाहचे वेगळे आभारही मानत नाही.

याच किनाऱ्यापासून सुमारे चार हजार किलोमीटरवर, पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागात, हजारो मजुरांची सहरी अनेक वर्षे रांगेत उभ्या उभ्या झाली आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडचा हा प्रदेश १९६७ पासून इस्राएलच्या ताब्यात आहे. तिथल्या मजुराला इस्राएलमधल्या बांधकामावर, शेतात किंवा कारखान्यात कामाला जायचे तर लष्करी तपासणी नाक्यातून जावे लागते. त्या नाक्यावरची पहाट कशी असते, ती रांग कशी तयार झाली आणि ते दार बंद झाल्यावर काय झाले, हे रायगडच्या वाचकाने समजून घ्यावे असे आहे. कारण या गोष्टीचा एक धागा आता महाराष्ट्रापर्यंत आला आहे.

कोकणचे जुने नाते

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. उत्तर भारतात आणि देशावर हनफी मसलक जास्त. कोकणापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र अरब दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या संपर्कातून शाफई परंपरा रुजली. ज्यांच्या नावाने हा मसलक ओळखला जातो त्या इमाम शाफईंचा जन्म हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ साली, बहुतेक चरित्रकारांच्या मते गाझा शहरात झाला. श्रीवर्धनच्या मशिदीत रोज ज्या पद्धतीने नमाज पढली जाते, तिचा शास्त्रार्थ लावणारा माणूस गाझाचा होता. पॅलेस्टाइनमधल्या मुसलमानांतही शाफई परंपरा मोठी आहे.

दुसरे नाते पोटापाण्याचे. कोकणी माणूस आधी मुंबईच्या गोदीतून जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि १९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढल्यावर आखाती देशांत गेला. कुवेतमध्ये त्याच्याबरोबर काम करणारे अनेक जण पॅलेस्टिनी होते. कोणी शिक्षक, कोणी इंजिनियर, कोणी कचेरीत कारकून. १९९० पूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. अम्मानमार्गे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना विमानाने मायदेशी आणले गेले. त्यांत कोकणातलेही होते. ते हात हलवत परतले, पण परतायला त्यांच्याकडे गाव होते. युद्धानंतर कुवेतमधून बहुतेक पॅलेस्टिनींनाही निघावे लागले आणि त्यांच्यापैकी अनेकांना परतायला गावच नव्हते. परक्या देशातली नोकरी एका सहीवर कशी जाते, हे दोघांनी एकाच वेळी पाहिले.

रात्री दोनला सुरू होणारा दिवस

बेथलेहेम आणि जेरुसलेम या दोन शहरांत अंतर आहे नऊ-दहा किलोमीटरचे. जवळपास अलिबाग ते किहीम एवढे. या दोन शहरांमध्ये जो नाका आहे त्याला सगळे 'तीनशे नंबरचा नाका' म्हणतात. हेब्रॉनच्या पश्चिमेला तरकूमिया, कल्किलिया शहराजवळ एयाल, तुलकर्मजवळ तय्यबा हे असेच मजुरांचे मोठे नाके.

साइटवर काम सकाळी सहा-सातला सुरू होते. त्यासाठी पाचपर्यंत पलीकडे पोचायला हवे, कारण ठेकेदाराची गाडी थांबत नाही. नाका उघडतो पहाटे चारच्या सुमारास. म्हणून दूरच्या खेड्यातला मजूर रात्री दोनला उठतो, शेअर टॅक्सी धरतो आणि तीनच्या आत रांगेत येऊन उभा राहतो. नाक्याबाहेर त्या वेळी छोटा बाजार भरलेला असतो. तीळ लावलेला कअक नावाचा गोल पाव, फलाफल, उकडलेली अंडी, कागदी पेल्यातली वेलचीची कॉफी. रमजानमध्ये हीच त्या मजुरांची सहरी. वेळ संपत आली की प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी हातोहात पुढे सरकते. फजरची नमाज कोणी रांगेबाहेर पुठ्ठा टाकून पढतो, कोणी नाका पार करून पलीकडच्या फुटपाथवर.

रांग पुढे लोखंडी गजांच्या, वरून झाकलेल्या अरुंद बोळात शिरते. जनावरांना डॉक्टरकडे नेताना बाजूंनी कठडे असतात, तशी ही वाट. गर्दी वाढली की तरुण मुले गजांवर चढून, लोकांच्या डोक्यांवरून पुढे सरकतात. पुढे फिरते लोखंडी दार येते. एका वेळी थोडी माणसे आत सोडली जातात आणि दार अडते. मग पट्टा काढणे, पिशवी यंत्रातून काढणे, चुंबकीय कार्ड, परवाना, बोटांचे ठसे. वयस्कर माणसांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे दार ठेवलेले असते, पण ते ठरल्या वेळी उघडेल याची खात्री नसते. २०१४ च्या जानेवारीत तय्यबाच्या नाक्यावर साठीच्या आसपासचा एक मजूर गर्दीत चेंगरून मरण पावला. तो कामालाच निघाला होता.

हे सगळे नोंदवून ठेवणारी माणसेही आहेत. २००१ मध्ये इस्राएलमधल्या काही ज्यू स्त्रियांनी 'मखसोम वॉच' नावाचा गट सुरू केला. मखसोम म्हणजे हिब्रूत नाका. त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका, आज्या. त्या पहाटे उठून नाक्यावर जात, दार किती वाजता उघडले, किती वेळ बंद राहिले, कोणाला परत पाठवले हे वहीत लिहीत आणि अधिकाऱ्यांना फोन करीत. जागतिक चर्च परिषदेचे स्वयंसेवकही अनेक वर्षे असेच उभे राहिले. २०१९ मध्ये काही नाक्यांवर नव्या इमारती झाल्या, कार्ड वाचणारी स्वयंचलित दारे बसली आणि तिथला वेळ कमी झाला. हेही खरे. पण दार लवकर उघडणे वेगळे आणि दार उघडायचे की नाही हे दुसऱ्याने ठरवणे वेगळे.

इस्लामी शास्त्रात प्रवाशाला रोजा न धरण्याची आणि तो नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. पण शाफई मसलकात त्यासाठी प्रवास साधारण ऐंशी किलोमीटरचा हवा. बेथलेहेमचा मजूर नऊ किलोमीटर जायला तीन तास घेतो, तरी तो मुसाफिर ठरत नाही. तो रोजा धरूनच काँक्रीट ओततो.

दार कधी लागले

ही रांग कायमची नव्हती. १९६७ च्या युद्धानंतर इस्राएलने वेस्ट बँक आणि गाझा ताब्यात घेतले. १९७२ मध्ये एक सर्वसाधारण परवानगी काढली गेली. तिच्यामुळे पॅलेस्टिनी माणूस वेगळ्या परवान्याशिवाय इस्राएलमध्ये जाऊ शकत होता. रात्री मुक्कामाची मात्र मुभा नव्हती. इस्राएलला स्वस्त मजूर हवे होते आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्याला रोख पैसा. १९८७ पर्यंत एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी इस्राएलमध्ये कामाला जात होते. याच काळात त्यांच्या स्वतःच्या भागातले कारखाने, शेती आणि बंदरे वाढली नाहीत. मजुरीला बाहेर जाणे हाच मुख्य धंदा होऊन बसला.

१९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे उठाव सुरू झाला. १९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्धाच्या वेळी, सर्वसाधारण परवानगी रद्द झाली आणि प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागू लागला. १९९३ च्या मार्चमध्ये इस्राएली नागरिकांवर झालेल्या हल्ल्यांनंतर पूर्ण बंदी आली आणि नाके कायमचे झाले. त्याच वर्षांत इस्राएलने थायलंड, रुमानिया, चीन इथून मजूर आणायला सुरुवात केली. पॅलेस्टिनी मजुराच्या जागी दुसऱ्या गरीब देशाचा मजूर बसवायचा, ही युक्ती नवी नाही. तिला तीस वर्षे झाली.

२००० मध्ये दुसरा इंतिफादा झाला. आत्मघातकी स्फोटांत शेकडो इस्राएली नागरिक मरण पावले, लष्करी कारवाईत त्याहून अधिक पॅलेस्टिनी. २००२ पासून भिंत आणि कुंपण उभे राहू लागले. इस्राएलचे म्हणणे असे की ते सुरक्षेसाठी आहे आणि त्यानंतर हल्ले घटले. पण संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे नियोजित ७१२ किलोमीटरच्या मार्गापैकी ८५ टक्के भाग वेस्ट बँकच्या आतून जातो. काही ठिकाणी भिंतीची उंची आठ मीटर आहे. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतात ताब्यातल्या प्रदेशातली ही भिंत बेकायदा ठरवली. भिंत राहिली आणि रांगही राहिली.

परवान्याची किंमत

इतका त्रास काढून माणूस जातो कशाला? उत्तर मजुरीत आहे. २०२३ मध्ये वेस्ट बँकमध्ये दिवसाला सरासरी १४० शेकेलच्या आसपास मिळत. भिंतीपलीकडे त्याच हातांना दुपटीहून अधिक मिळत. गाझात तर रोज त्याहून कितीतरी कमी. ऑक्टोबर २०२३ च्या आधी वेस्ट बँकमधून सुमारे दीड लाख माणसे इस्राएलमध्ये आणि वसाहतींत कामाला जात होती, गाझातून आणखी अठरा हजारांच्या आसपास. एका मजुराच्या कमाईवर घरातली सहा-सात माणसे जगतात हे धरले तर आकड्याचा खरा अर्थ कळतो.

पण ही दुप्पट मजुरी सगळी घरी येत नाही. परवाना मजुराच्या नावाने निघतो, तरी तो मालकाशी बांधलेला असतो. मालकाने काढून टाकले की परवाना संपला. म्हणून परवान्यांचा काळाबाजार उभा राहिला. ज्याच्याकडे काम नाही पण कोटा आहे असा ठेकेदार दलालामार्फत परवाना विकतो आणि मजूर त्यासाठी महिन्याला दोन ते अडीच हजार शेकेल मोजतो. म्हणजे कमाईचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त. इस्राएलच्या मध्यवर्ती बँकेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या व्यवहाराची नोंद घेतली आहे. २०२० च्या अखेरीस बांधकाम क्षेत्रासाठी नियम बदलले, मजुराला मालक बदलता येईल असे ठरले. दलाल मात्र संपले नाहीत.

कोकणात हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांनी आखातात दिवस काढले त्यांना 'कफील' हा शब्द पाठ आहे. पासपोर्ट कोणाकडे, व्हिसा कोणाच्या नावावर, काम सोडले तर काय, हे प्रश्न इथल्या घरांत तीन पिढ्या चर्चिले गेले आहेत. फरक एवढाच की कोकणी माणूस दुसऱ्याच्या देशात जाऊन कफीलाखाली राहिला. पॅलेस्टिनी मजूर ज्या जमिनीवर कामाला जातो, ती कित्येकदा त्याच्या आजोबांच्या गावाची असते.

रमजान आणि वयाची अट

रमजानमध्ये नाक्यांवर दुसरी एक रांग लागते. जेरुसलेममधली अल-अक्सा मशीद मुसलमानांसाठी मक्का-मदिनेनंतरचे तिसरे पवित्र स्थान. रमजानच्या जुम्म्याला तिथे नमाज पढावी ही वेस्ट बँकमधल्या प्रत्येकाची इच्छा. त्यासाठी दरवर्षी इस्राएली प्रशासन नियम जाहीर करते. २०२३ मध्ये सगळ्या वयाच्या स्त्रियांना, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि ५५ वर्षांवरच्या पुरुषांना परवान्याशिवाय सोडले गेले. २०२४ मध्ये पुरुषांना ५५ आणि स्त्रियांना ५० ची अट आली, मुलांना दहाची, आणि परवानाही लागू झाला. घरातला आजोबा जाऊ शकतो, बाप जाऊ शकत नाही. इबादतीला वयाची अट शरीयतने घातलेली नाही, ती नाक्यावर घातली जाते.

२०२३ च्या रमजानची आणखी एक गोष्ट. इस्राएलने मार्चअखेर घड्याळे उन्हाळी वेळेप्रमाणे तासभर पुढे केली. पॅलेस्टिनी प्रशासनाने रोजेदारांना इफ्तारसाठी जास्त वाट पाहावी लागू नये म्हणून हा बदल रमजान संपेपर्यंत पुढे ढकलला. त्यामुळे भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेळा चालू होत्या. साइटवर सकाळचे सात वाजत तेव्हा मजुराच्या घरी सहाच वाजलेले असत. म्हणजे रमजानमध्ये त्याला घरच्या घड्याळाप्रमाणे एक तास आणखी आधी निघावे लागे.

७ ऑक्टोबरनंतर

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला. त्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. निरपराधाला मारणे कुराणाच्या शिकवणीत बसत नाही, हे रमजानच्या पानावर स्पष्ट लिहायलाच हवे. त्यानंतर गाझावर जे युद्ध झाले त्यात हजारो मुले-बायका मारली गेली आणि शहरेच्या शहरे ढिगारे झाली. तिथेही हीच शिकवण लागू होते.

नाक्यांवर काय झाले? जवळपास सगळे परवाने एका दिवसात गोठवले गेले. अत्यावश्यक कामांसाठी काही हजार मजुरांना मुभा राहिली. त्या सकाळी इस्राएलमध्ये असलेले गाझाचे हजारो मजूर अडकले, पकडले गेले. ३ नोव्हेंबरला त्यांच्यापैकी तीन हजारांहून अधिक मजुरांना केरेम शालोमच्या नाक्यावरून पायी गाझात परत पाठवले, तेव्हा तिथे बॉम्ब पडत होते. वेस्ट बँकमधली बेकारी त्या वर्षी तिसऱ्या तिमाहीत १३ टक्क्यांच्या आसपास होती. चौथ्या तिमाहीत ती ३२ टक्क्यांच्या घरात गेली.

रांग नसलेला नाका कसा दिसतो, ते पुढच्या रमजानमध्ये दिसले. कअक विकणारा नाही, कॉफीवाला नाही, शेअर टॅक्सी नाही. मजुरांच्या पगारावर चालणारी दुकाने बसली. घरातले सोने विकले गेले. काही जण शिडी लावून आणि दोर बांधून आठ मीटरची भिंत चढू लागले. त्यांत कोणी पडून मेले, कोणी गोळीने. ज्या रांगेला लोक शिव्या देत होते, त्याच रांगेत पुन्हा उभे राहायला मिळावे अशी दुआ मागण्याची वेळ आली. बंद दाराने माणसाला इतके लहान केले.

रिकाम्या जागेवर कोण?

इस्राएलमधली बांधकामे थांबली. क्रेन उभ्या राहिल्या. मग भारताकडे पाहिले गेले. खरे तर ४२ हजार भारतीय मजुरांचा करार मे २०२३ मध्ये, युद्धाच्या आधीच झाला होता: ३४ हजार बांधकामासाठी, बाकीचे शुश्रूषेसाठी. पण त्याची घाई ऑक्टोबरनंतर झाली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणात रोहतकला आणि उत्तर प्रदेशात लखनौला भरती झाली. थंडीत, पहाटेपासून तरुणांच्या रांगा लागल्या. सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, प्लास्टर करणारे, फरशी बसवणारे. पगार महिन्याला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये. सप्टेंबर २०२४ मध्ये पुढच्या फेरीसाठी महाराष्ट्राची निवड झाली आणि पुण्यात चाचण्या झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सोळा हजारांच्या आसपास भारतीय मजूर तिकडे पोचले होते.

रोहतकच्या किंवा पुण्याच्या रांगेत उभा राहिलेला तरुण कोणाची रोजी हिसकावायला उभा नव्हता. गावात वर्षभर काम नाही, बहिणीचे लग्न आहे, डोक्यावर कर्ज आहे, म्हणून तो उभा होता. कोकणी माणसाने तर त्याला बोट दाखवूच नये. याच गरजेने आपलेही आजोबा बोटीवर चढले होते. पण त्या तरुणाला पूर्ण माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. देशातल्या प्रमुख कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच या भरतीला विरोध केला होता. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळच्या मळ्यात क्षेपणास्त्र पडून केरळचा एक तरुण मारला गेला. आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर जो 'इमिग्रेशन चेक'चा शिक्का असतो, तो अठरा देशांपुरता आहे. इस्राएल त्या यादीत नव्हता. म्हणजे कोकणातल्या आयांनी ज्या शिक्क्याला कटकट म्हटले, पण ज्याने निदान कागद तपासले जात, तेवढाही आधार या मुलांना नव्हता.

बाहेरचा मजूर मालकाला सोयीचा वाटतो, कारण तो संध्याकाळी घरी जात नाही. त्याची भाषा वेगळी, व्हिसा ठरावीक मुदतीचा. आज पॅलेस्टिनी नको म्हणून भारतीय आला. उद्या भारतीयाने जास्त मागितले तर तिसऱ्या देशाचा येईल. दोन गरिबांची एकमेकांशी कधी भेट होत नाही, पण एकाच्या नावावर दुसऱ्याला कमी दिले जाते.

शनिवार तेल्यांचा किनारा

रायगडचा आणि इस्राएलचा संबंध मात्र या भरतीपेक्षा फार जुना आहे. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल समाजाचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे इथल्या गावांचीच. अलिबागला आणि रेवदंड्याला त्यांची सिनेगॉग आजही उभी आहेत. कित्येक शतके मशीद, मंदिर आणि सिनेगॉग एकाच बाजारपेठेच्या अंतरावर राहिले आणि कोणाला कोणाच्या गल्लीत जायला परवाना लागला नाही. १९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद अशा शहरांत वसले. तिथेही त्यांना बरोबरीच्या मानासाठी झगडावे लागले; १९६४ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर धर्मपीठाने त्यांना पूर्ण ज्यू मानले. त्यांच्यातल्या जुन्या लोकांनी तिथे मराठी जपली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

हे सांगायचे कारण असे की रायगडच्या माणसाला या प्रश्नाकडे वैराच्या डोळ्यांनी पाहण्याची गरज नाही. ज्यू शेजारी कसा असतो हे त्याला ऐकीव नाही, माहीत आहे. प्रश्न ज्यू आणि मुसलमान यांचा नाही. प्रश्न एवढाच आहे की माणसाची रोजी त्याच्या कष्टावर अवलंबून असावी की दारावरच्या शिपायाच्या मर्जीवर.

रोजी आणि रोजा

रमजानची भूक माणूस स्वतः पत्करतो आणि ती मगरिबच्या अजानला संपते. नाक्यावरची भूक दुसऱ्याने लादलेली असते आणि तिला अजान नसते. पहिल्या भुकेने दुसरी भूक कळावी, हा रोज्याचा एक हेतू आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातात पडावी ही पैगंबरांची शिकवण आपण दर रमजानला तकरीरीत ऐकतो. तिचा अर्थ फक्त वेळेवर पैसे देण्यापुरता नाही. मजूर कोणापुढे लाचार होणार नाही अशी व्यवस्था करणे हाही तिचा अर्थ आहे.

ती व्यवस्था तपासायला बेथलेहेमपर्यंत जायलाच हवे असे नाही. रायगडमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. ती उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, तरी उचल राहिली. एका मालकाशी बांधलेला परवाना आणि एका मालकाशी बांधलेली उचल यांत फार अंतर नाही. भट्टीमालकांत, ठेकेदारांत, बोटमालकांत रोजेदारही आहेत.

ईदच्या नमाजेआधी फितरा काढला पाहिजे, म्हणजे गरिबाच्या घरी त्या दिवशी चूल पेटेल. त्याच हिशेबात खलाशाची, गवंड्याची, घरकामाला येणाऱ्या बाईची थकलेली मजुरीही ईदआधी चुकती झाली तर तो रोज्याचाच भाग होईल. आणि गावातला कोणी तरुण परदेशी भरतीचा अर्ज घेऊन आला, तर जमातीतल्या चार जाणत्या माणसांनी त्याच्याबरोबर बसून कागद वाचावेत. एजंट नोंदणीकृत आहे का, करार कोणत्या भाषेत आहे, विमा किती, काम बदलता येते का, परत यायचे झाले तर तिकीट कोणाचे. शेवटी एक प्रश्न आणखी विचारावा: या जागेवर आधी कोण काम करत होता, आणि तो आता कुठे आहे?